ससा, शेळी आणि एक आगंतुक बँड

लॅबमध्ये अँटिबॉडी आली, म्हणजे एका ठरावीक प्रथिनाला ओळखून धरणारं प्रथिन. शंभर मायक्रोलीटर, म्हणजे मोजून दोन थेंब, आणि किंमत माझ्या महिन्याभराच्या फेलोशिपच्या आसपास. "आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घे रे, नाहीतर अर्धी झाकणालाच राहील," सर तीनदा म्हणाले.

ही ओळखते असिटिल-को-ए कार्बोक्झिलेज, लाडाने एसीसी. शरीरात चरबी बनवायच्या कामाचा नारळ हाच एन्झाइम फोडतो. माझ्या पोटाकडे पाहता तो आमच्या घराण्यात ओव्हरटाइम करतो. पण मला तो दाखवायचा होता उंदराच्या यकृतात. म्हणून वेस्टर्न ब्लॉट: प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेन नावाच्या कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवायची आणि हवं ते अँटिबॉडीने हुडकायचं. (1975 साली सदर्न नावाच्या शास्त्रज्ञाने डीएनएसाठी अशी पद्धत काढली, ती सदर्न ब्लॉट. मग लोकांना दिशांचा चाळाच लागला आणि 1981 साली प्रथिनांच्या वाट्याला वेस्टर्न आलं. त्या गृहस्थांचं आडनाव कुलकर्णी असतं तर काय केलं असतं कोण जाणे.)

एसीसी 265 किलोडाल्टनचा (हे प्रथिनांच्या वजनाचं माप) धिप्पाड गडी. जेलमध्ये लक्ष्मी रोडवरच्या विसर्जन मिरवणुकीसारखा, हलता हलत नाही. जेलमधून मेम्ब्रेनवर उतरवायला अख्खी रात्र, तीही 4 अंशांच्या कोल्ड रूममध्ये. पुण्यात मे महिना, आणि मी स्वेटर घालून जेल आणि मेम्ब्रेनमधले बुडबुडे टेस्ट ट्यूबने लाटून काढतोय. घरी मला पोळी लाटता येत नाही, हे आईला कळू नये.

सकाळी मेम्ब्रेनला पाच टक्के दूध पावडरच्या पाण्यात आंघोळ, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही. मग सशाची अँटिबॉडी, जी एन्झाइमला धरते. मग शेळीची, म्हणजे सेकंडरी, जी सशाच्या अँटिबॉडीला धरते. शेळीच्या शेपटाला मोहरीच्या कुळातल्या एका झणझणीत मुळापासून काढलेला एन्झाइम, तो शेवटी उजेड पाडतो. प्रयोगशाळा कसली, आठवडे बाजारच!

उजेड पडला. 250 किलोडाल्टनच्या खुणेवर शुकशुकाट, आणि खाली पन्नासच्या आसपास एक ठसठशीत, काळाकुट्ट बँड, म्हणजे पट्टा. मी हरखलो. एसीसीचा तुकडा! चहा होईपर्यंत त्यावर माझा शोधनिबंध मनात लिहून झाला होता, लेखकांचा क्रमसुद्धा ठरला होता.

सीनियर ताईने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सेकंडरी कुठली घातलीस?"

फ्रीज उघडला. दोन सारख्याच बाटल्या, शेजारी शेजारी. मी घातलेली शेळी सशाला ओळखणारी नव्हतीच, उंदराला ओळखणारी होती. यकृतात उंदराचं रक्त, रक्तात उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडीज, त्यांचा मोठा तुकडा, म्हणजे जड साखळी, बरोबर पन्नासची. शेळीने आपलं काम चोख केलं होतं.

पुन्हा जेल, पुन्हा स्वेटर, पुन्हा दूध. या खेपेला 250 च्या जरा वर एक बारीकशी रेघ आली. सरांनी चष्मा वर करून ती न्याहाळली.

"छान. आता आणखी दोनदा कर."

मी ट्यूब उजेडाकडे धरून तळ किती उरलाय ते बघितलं.