जंगलातला आडोसा वळचणीपासून सुरू होतो

मागच्या जुलैत आईला घेऊन मुंबईतल्याच एका टेकडीवर फिरायला गेले होते. आई ७३ वर्षांची. अर्ध्या वाटेवर पावसाने गाठलं. समोरच नवाकोरा निवारा दिसला: लाकडासारखे रंगवलेले सिमेंटचे खांब, वर उंच छप्पर, खाली गुळगुळीत फरशी. आम्ही चौदा जण धावत आत शिरलो आणि दोन मिनिटांत सगळे चिंब. आईची चप्पल ओल्या फरशीवर सरकली. दंड धरला म्हणून निभावलं.

पाऊस ओसरल्यावर मी टेप काढली. आर्किटेक्ट आहे, टेप पिशवीत असतेच. छपराची कड जमिनीपासून साडेअकरा फुटांवर, बाहेर आलेली फक्त एक फूट. रुंदी दहा फूट. पश्चिमेकडून झड पाच फूट आत आली होती, पूर्वेकडून दोन फूट शिंतोडे. कोरडा पट्टा उरला तीन फुटांचा, आणि त्यात चौदा माणसं.

मुंबईचा पाऊस सरळ खाली पडत नाही, तो समुद्राकडून वाऱ्यावर आडवा येतो. पश्चिमेला गॅलरी असलेलं प्रत्येक घर मेअखेरीला प्लास्टिक बांधून ठेवतं, ते उगाच नाही. हे शहाणपण घराघरात असताना टेकडीवर बांधताना ते कुठे जातं, याचा मला मनापासून त्रास होतो. वळचण साडेसहा फुटांवर आणा, छप्पर तीन फूट बाहेर काढा, पश्चिमेची बाजू बंद करा. मग आठ फूट बाय सहा फूट जागेत आठ माणसं कोरडी बसतात. आत शिरताना छप्पर डोक्याला लागेल की काय असं उंच माणसाला वाटेल. वाटू दे. बसल्यावर पागोळ्यांच्या आडून झाडी दिसते, तेवढ्यासाठीच तर आपण आलेले असतो.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधल्या कान्हेरीला गेलात तर मोठ्या चैत्यापाशी थांबू नका, वरच्या लहान लेण्यांपर्यंत चढा. शंभरावर लेणी आहेत, सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पावसाळ्यात भिक्खूंनी भटकायचं नाही, एका जागी वर्षावास करायचा, ही त्यांची रीत. लहान विहारांत काय असतं? समोर ओसरी, भिंतीलगत दगडाचा बाक, आत खोली, शेजारी पाण्याची पोढी, म्हणजे दगडात कोरलेलं टाकं, आणि डोंगरावरून येणारं पाणी पोढीकडे वळवणाऱ्या पन्हळी. बसायला, पाठ टेकायला, प्यायला. याहून जास्त काही वाटसरूला जंगलात लागतं असं मला वाटत नाही.

पण झड हा अर्धाच प्रश्न आहे, खरं नुकसान जमिनीवर होतं. त्या निवाऱ्याला दीड फुटाचं जोतं होतं. उतारावर पाणी पातळ चादरीसारखं पसरून वाहत असतं. मध्ये जोतं आलं की ते दोन्ही कडांना गोळा होतं, वेग धरतं आणि माती कापत जातं. मी पाहिलं तेव्हा खालच्या अंगाला वीतभर खोल घळ पडली होती आणि एका ऐनाच्या झाडाची मुळं उघडी झाली होती. निवाऱ्याला एकच पावसाळा झाला होता. पुढच्या वर्षी तिथे ‘धूप थांबवण्यासाठी’ सिमेंटची भिंत येईल, मग भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. जंगलात सिमेंट एकटं कधीच येत नाही.

म्हणून पाय हवेत, जोतं नको. जुन्या वाड्यात लाकडी खांबाखाली दगडी उथळा असायचा, तसे चार उथळे आणि जमिनीपासून दीड-दोन फूट वर फळ्यांची तक्तपोशी. खालून पाणी जाऊ दे, बेडूक जाऊ दे. नुसतं ठेवून मात्र भागणार नाही. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळाने पत्रे कसे उडवले ते आपण पाहिलंय. आपल्या टेकड्यांवर बऱ्याच ठिकाणी फूटभर मातीखाली काळा दगड लागतो, तिथे चार भोकं पाडून सळया बसवायच्या आणि खांब त्यांना बोल्टने कसायचे. उद्या निवारा नको झाला तर चार माणसं एका दिवसात सोडून नेतील, मागे चार भोकं राहतील.

जागा निवडताना होणारी चूक तर डोळ्यांना दिसतही नाही. उन्हाळ्यात एखादा उतार मोकळा, वाळक्या काटक्यांचा दिसतो. वाटतं, इथे काहीच नाही, इथेच बांधू. नॅशनल पार्कमध्ये २०१६ नंतर २०२४ मध्ये कारवीची झुडपं फुलली. कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून मरते. पुढच्या पावसात बी रुजतं. म्हणजे २०२५ च्या मेमध्ये जो उतार मेलेला दिसत होता, तिथे पुढच्या आठ वर्षांची कारवी त्या काटक्यांवरच्या सुक्या फळांत पावसाची वाट बघत होती. तिथे कोबा घातला की संपलं. बांधायचंच तर वाटेच्या कडेला, जिथे माणसं आधीच टेकतात आणि माती आधीच दबलेली आहे तिथे.

सामानाचं थोडक्यात. पाड्यांवरच्या कारवीच्या कुडाच्या भिंती सुंदर असतात, उन्हात आतून गार. पण निवाऱ्यांसाठी जंगलातली कारवी तोडायची नाही. सिंधुदुर्गात शेताच्या बांधावर माणगा बांबू होतो, जवळजवळ भरीव आणि बिनकाट्यांचा. २०१७ पासून जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने ‘झाड’ नाही, त्यामुळे शेतकऱ्याकडून तो घेणं सोपं झालंय. कीड लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून घ्यायचा आणि मातीला टेकू द्यायचा नाही. कौलं मला प्रिय आहेत, पण माकडं ती ठेवत नाहीत, कोकणात विचारा. पत्रा घालावा, खाली बांबूची चटई, म्हणजे पावसात बोललेलं ऐकू येतं.

आणि कृपा करून आत कचराकुंडी नको. कुंडी आली की माकडं येतात, कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. खाणं, कुंड्या, दिवे, दुकानं सगळं गेटवर. स्वच्छतागृहंही तिथेच, पण खरोखर वापरता येतील अशी. आमच्या घरातल्या बायका ट्रेलच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे कुठल्याच नकाशात दिसत नाही.

‘रविवारची गर्दी लहान निवाऱ्यात मावणार कशी?’ असं एका बैठकीत मला विचारलं गेलं. गर्दी गेटवर मावू दे, तिथे हवं तेवढं मोठं बांधा. आत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतरावर आठ-आठ माणसांचे तीन ठेवा, एक चोवीस जणांचा नको. लोकांना साधं आवडत नाही हेही मला पटत नाही. मलबार हिलवर २०२५ मध्ये झाडांमधून जाणारी ४८५ मीटरची लाकडी वाट झाली, खांबांवर उभी. तिथे माणसं नुसती चालायला जातात.

त्या टेकडीवर अजून दोन निवारे मंजूर आहेत असं ऐकलं. मी वळचणीची उंची, झडीचं अंतर आणि घळीची खोली लिहून अर्ज तयार केलाय. तुमच्याकडच्या टेकडीवर असा निवारा असेल तर पुढच्या पावसात टेप घेऊन जा आणि फरशीवरची ओली रेघ कडेपासून किती आत येते ते मला कळवा. अर्जाला जोडते.