पॅचला हात लावला म्हणून कुणी मरत नाही

आमच्या बप्पांना (थोरले चुलते) तोंडाचा कॅन्सर होता. दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या, पण गिळणंच बंद झालं म्हणून डॉक्टरनी फेंटॅनिलचा (मॉर्फिनच्याच जातीचं, पण फार तीव्र औषध) पॅच दिला, म्हणजे औषधाची चिकटपट्टी, दंडावर चिकटवायची न 72 तासांनी बदलायची. आणि नेमका त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ आला, अमेरिकेतला पोलीस फेंटॅनिलच्या पुडीला हात लावतो न धाडकन पडतो. झालं! वहिनी दोन-दोन ग्लोव्ह घालायला लागली, लेकरांना खोलीत जायची बंदी, तिसऱ्या दिवशी तर पॅच काढूनच टाकला. काढल्यावर दुसऱ्या रात्री बप्पा बाजेची पाटी मुठीत धरून कण्हत होते, मी उशाशी बसून, पहाटपर्यंत.

म्हणून कळकळीनं लिहितोय. फेंटॅनिलच्या पावडरीला नुसता हात लागून ओव्हरडोस होत नाही, अमेरिकेतल्याच विषतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेनं 2017 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. हात पाण्यानं धुवा, बास. तिथं माणसं मरतात ती वेगळ्याच कारणानं: चोरून बनवलेल्या नकली गोळ्यांत हे मिसळलेलं असतं, कुठल्या गोळीत किती ते बनवणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि सवय नसलेल्याला 2 मिलिग्रॅमसुद्धा पुरतं, बारीक मिठाचे दहा-पंधरा कण समजा. 2022 मध्ये तिकडं सगळ्या ड्रग्जच्या ओव्हरडोसनं मिळून लाखावर माणसं गेली. पॅचमधून मात्र औषध तासाला मायक्रोग्रॅमच्या (मिलिग्रॅमचा हजारावा भाग) हिशोबानं झिरपतं.

जपायचं ते इथं जपा. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, उष्णतेनं औषध एकदम जास्त उतरतं. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं, चिकट बाजू आत दुमडून लेकरांच्या हाताला लागणार नाही असा टाका. दुसऱ्याचा पॅच कंबरदुखीला म्हणून लावायचा तर अजिबातच नाही.

आणि आपल्या मराठवाड्यातल्या पोरांची काळजी असंल तर संभाजीनगरात नशेसाठी विकतात त्या ‘बटन’ (झोपेच्या) गोळ्या बघा, कोडीनवालं (हेही मॉर्फिनच्याच जातीचं) खोकल्याचं औषध बघा. वरून दारू घेतली की श्वास मंदावतो. पोरगं घोरतंय, हलवलं तरी उठत नाही, ओठ निळे पडलेत, तर “झोपू द्या, उतरंल” म्हणू नका हो. कुशीवर वळवा, 108 लावा, काय घेतलं ते न लाजता सांगा. कोडीन किंवा मॉर्फिनच्या जातीचं असलं तर नॅलॉक्सोनच्या इंजेक्शननं श्वास परत येतो, पण वेळेत पोचलं पाहिजे.

सकाळी डॉक्टरनी वहिनीला फोनवरच समजावलं. तिनं नवा पॅच लावला, पेनानं वर तारीख टाकली, ग्लोव्ह न घालता. दुसऱ्या दिवशी दुपारी बप्पा दोन तास सलग झोपले.