ताप आला की आधी जवळचं रुग्णालय

मुलांच्या कर्करोगावरच्या लेखात ‘केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला तर लगेच मुंबईला न्या’ असं म्हटलंय; केमो म्हणजे कर्करोगावरची औषधं. हे वाक्य कोकणापुरतं तरी बदला. कणकवलीहून मुंबई गाठेपर्यंत अख्खी रात्र जाते आणि शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात जायला हवा. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला असतात, तेव्हा 100.4 फॅरनहाइट म्हणजे आणीबाणीच. आधी जवळचं जिल्हा रुग्णालय, मुंबईचं नंतर.

पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका, ताप दबतो, संसर्ग वाढतच राहतो. आणि डिस्चार्जच्याच दिवशी डॉक्टरांकडून पत्र मागून घ्या: आजार, शेवटच्या केमोची तारीख, अँटिबायोटिकचं नाव, वजनानुसार डोस. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पावसात कागद भिजतो.