सायनसमध्ये हाडाची गाठ दिसली म्हणजे कॅन्सर नव्हे

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘सायनसमध्ये हाडाची गाठ दिसली की कॅन्सरच. सीटी काढू नका, किरणांनी गाठ भडकते. एमआरआयच काढा आणि लगेच ऑपरेशन करून घ्या.’ मी बेळगावात रोज हे स्कॅन वाचते. हा मेसेज वाचून लोक सीटीला नको म्हणू लागलेत, म्हणून हे लिहिते आहे.

‘कॅन्सरच.’ साफ चूक. सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांत, सर्वांत जास्त सापडणारी हाडाची गाठ म्हणजे ऑस्टिओमा. ती कॅन्सर नाही. बहुतेक वेळा कपाळाच्या सायनसमध्ये असते आणि सर्दी-डोकेदुखीसाठी सीटी काढला की शंभरातल्या तिघांपर्यंत सहज दिसून जाते.

‘एमआरआयच काढा.’ सर्वांत जास्त घोळ इथे होतो. सीटीत ऑस्टिओमा पांढराशुभ्र, रेखीव कडांचा दिसतो. एमआरआयमध्ये तोच टणक भाग काळा येतो, सायनसमधली हवाही काळीच, त्यामुळे गाठ नजरेतून निसटू शकते. फायब्रस डिस्प्लेझिया, म्हणजे हाडाच्या जागी तंतुमय हाड वाढणं, हाही कॅन्सर नाही; त्याचं उलटं. हे हाड सीटीत दुधी काचेसारखं धुरकट, फुगलेलं, शेजारच्या हाडात मिसळत गेलेलं दिसतं, आणि बहुधा तेवढ्यावर निदान होतं. एमआरआयमध्ये मात्र ते काँट्रास्टनंतर (शिरेतून औषध दिल्यावर) असं उजळतं की वाईट गाठीची शंका यावी. गाठ डोळ्याकडे किंवा मेंदूकडे सरकली असेल तर एमआरआय हवाच, पण सीटीच्या जोडीला.

‘किरणांनी भडकते.’ सायनसच्या सीटीचा डोस साधारण १ मिलिसिव्हर्टच्या (किरणांचा डोस मोजायचं एकक) आत असतो. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतो. फायब्रस डिस्प्लेझियाला रेडिएशनचे शेक देऊ नयेत, त्याने पुढे कॅन्सरचा धोका वाढतो, हे खरं. पण शेक वेगळे, तपासणी वेगळी.

‘लगेच ऑपरेशन.’ त्रास नसलेल्या लहान ऑस्टिओमावर नुसती नजर ठेवतात. फायब्रस डिस्प्लेझिया वयात आल्यावर बहुधा मंदावतो. ऑसिफाइंग फायब्रोमा (कॅन्सर नसलेली हाडाची आणखी एक गाठ), विशेषतः मुलांमधला, झपाट्याने वाढू शकतो. तो मात्र पूर्ण काढावा लागतो. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणं, डोळा पुढे येणं, दोन-दोन दिसणं, गाल बधिर होणं किंवा सीटीत हाड कुरतडल्यासारखं दिसणं, यातलं काहीही असेल तर एक दिवसही दवडू नका.

मिरज, कोल्हापूर किंवा हुबळीला दाखवायला जाताना मोबाईलमधला रिपोर्टचा फोटो पुरत नाही. सीटीची सीडी सोबत न्या. तुकडा तपासायची वेळ आली तरी ती लागते, कारण फायब्रस डिस्प्लेझिया आणि ऑसिफाइंग फायब्रोमा सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसू शकतात की पॅथॉलॉजिस्टही आधी सीटी मागतात.