साधंच ना?

काल रात्री जेवून पाय मोकळे करायला निघालो, आइस्क्रीमच्या दुकानात शिरलो आणि म्हणालो, "एक व्हॅनिला." काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "साधंच ना?"

तेही गिळलं असतं. पण मागे बर्म्युडा आणि कानटोपी अशा वेषातले एक काका उभे होते. त्यांना राहवेना. "अहो, सीताफळ घ्या, पेरू घ्या वर तिखटमीठ मारून! व्हॅनिला म्हणजे काही न घेण्यातलाच प्रकार."

"काका, ती ऑर्किडची शेंग असते."

"शेंग? शेवग्यासारखी?"

मग माझा तोल गेला. म्हटलं, मूळची मेक्सिकोची वेल. बाहेर नेली तर शेंगच धरेना. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम पोरानं काडीनं परागीकरण करून दाखवलं. फूल टिकतं एक दिवस, शेंग पिकायला ९ महिने.

"नऊ?" काकांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "बरं, पौष्टिक काय त्यात?"

इथे मी अडकलो. खरं म्हणजे काही नाही. चमचाभर अर्कात १२ कॅलरी, त्याही बहुतेक अल्कोहोलच्या.

"दारू?" अख्खी रांग वळली. "चतुर्थीला?"

असल्याच लोकांमुळे गेल्या दिवाळीत माझी खीर वाया गेली. जिवावर उदार होऊन एक शेंग आणली होती. उभी चिरली, सुरीच्या पाठीनं बी खरवडून दुधात घातली, सालही उकळली. काय घमघमाट! आईनं पातेल्यात डोकावून विचारलं, "हे काळं काय पडलंय?" आणि सगळं गाळून वर वेलदोडा घातला. असो.

काकांनी तोवर चष्मा चढवून डब्यावरचं बारीक अक्षर वाचायला घेतलं होतं. "कृत्रिम स्वाद," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "म्हणजे ह्यात तुमचं ते पोरगं नाहीच!"

नव्हतंच. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारं मुख्य रसायन, १८७४ पासून प्रयोगशाळेत बनतंय, हे मला ठाऊक होतं. फक्त त्यांना सांगायचं नव्हतं. आणि ह्या वासाच्या पाण्याचे माझ्याकडून ८० रुपये घेतले. बिलावर छापलं, 'प्लेन - १'.

बाहेर कट्ट्यावर काका शेजारीच येऊन बसले. त्यांच्या दाताखाली सीताफळाची बी कडकन आली.

"बघा," म्हणाले, "अस्सल!"