फास्ट चार्जर बॅटरी मारत नाही, उष्णता मारते

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ६५-८० वॅटचे फास्ट चार्जर बॅटरीत जबरदस्तीने वीज कोंबतात, त्यामुळे बॅटरी वर्षभरात खलास होते. सॅमसंगचे फोन पेटले तेही याच कारणाने. म्हणून जुना ५ वॅटचा चार्जर शोधा, फोन शून्यावर येऊ द्या आणि मग रात्रभर लावून १०० टक्के करा. लोक काळजीपोटी हे घरच्यांना पाठवतात, आणि जी बॅटरी वाचवायची तिचंच आयुष्य कमी करतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘वीज कोंबणं’. भिंतीत आपण खोचतो तो खरं तर अडॅप्टर. बॅटरीत किती वीज जायची, हे फोनच्या आतली चार्जिंग चिप ठरवते. टाइप-सी केबल जोडली की सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट येतात. मग अडॅप्टर आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो (यूएसबी पॉवर डिलिव्हरी या चार्जिंगच्या सामाईक पद्धतीत ठरलेले टप्पे ५, ९, १५ आणि २० व्होल्टचे) आणि त्यातलं काय हवं ते फोन मागतो. तिच्याच पीपीएस नावाच्या प्रकारात तर फोन २० मिलिव्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी मागणी कमीजास्त करू शकतो. त्यामुळे लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर १८ वॅटच्या फोनला लावला, तरी फोन १८ वॅटच घेतो. चार्जरवर छापलेला आकडा ही त्याची कमाल क्षमता असते.

ही कमाल वीजही सगळा वेळ जात नाही. बॅटरी रिकामी असताना प्रवाह मोठा असतो. बॅटरीतल्या सेलचा दाब (म्हणजे व्होल्टेज) साधारण ४.४ व्होल्टच्या आसपास पोचला की चिप तो दाब तिथेच धरून ठेवते आणि प्रवाह उतरत जातो. निम्मी बॅटरी झटपट भरते आणि शेवटचे वीस टक्के रेंगाळतात, त्याचं कारण हेच.

या मजकुरात एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती नाकारणं अप्रामाणिक ठरेल: मोठ्या प्रवाहाचा ताण बॅटरीवर येतोच. चार्ज होताना लिथियमचे आयन बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून जागा घेतात. रिकाम्या एसटीत माणसं भराभर आत जाऊन बसतात, पण गाडी भरत आली आणि मागून रेटा तसाच राहिला की दारातच गर्दी तुंबते. तसंच इथे होतं. आयनांना आत शिरायला वेळ मिळाला नाही, तर लिथियम धातू बनून ग्राफाइटच्या पृष्ठभागावर साचतं. त्यातलं काही पुन्हा कामी येत नाही आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. बॅटरी भरत आलेली असताना किंवा खूप थंड असताना हा धोका सर्वांत जास्त, म्हणून नेमका त्याच वेळी फोन प्रवाह कमी करतो.

निर्मात्यांनी यावर बरंच काम केलं आहे. फास्ट चार्जिंगच्या सेलमध्ये इलेक्ट्रोडवरचा (आयन ज्यांच्यात ये-जा करतात त्या पट्ट्यांवरचा) लेप पातळ ठेवतात, म्हणजे आयनांना कमी अंतर कापावं लागतं. त्यात थोडी साठवणूक कमी होते, हा त्याचा मोबदला. काही फोनांत एका बॅटरीऐवजी दोन सेल एकामागोमाग जोडतात, म्हणजे तेवढेच वॅट कमी प्रवाहात मिळतात. ओप्पोने २०१४ मध्ये वूक नावाचं फास्ट चार्जिंग आणलं, तेव्हा दाब बदलण्याचं काम फोनमधून काढून अडॅप्टरकडे दिलं, कारण त्या कामात होणारी उष्णता फोनमध्ये नको होती.

‘वर्षभरात खलास’ हे तर आकड्यांपुढे टिकतच नाही. आयफोन १५ ची बॅटरी आदर्श परिस्थितीत १००० चार्ज-फेऱ्यांनंतरही ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवल्याचं अ‍ॅपल सांगते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनसाठी ८०० फेऱ्यांनंतर किमान ८० टक्के हा नियमच आहे. रोज एक पूर्ण फेरी धरली तरी ८०० फेऱ्यांना दोन वर्षांहून जास्त काळ लागतो.

सॅमसंगचं उदाहरण गॅलेक्सी नोट ७ चं, २०१६ मधलं. कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये कारणं जाहीर केली. एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात इलेक्ट्रोड वाकले होते. दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कंगोरे राहिले होते, ते दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा आतला पडदा भेदून गेले. दोन्हीकडे दोष बॅटरीच्या रचनेत आणि उत्पादनात होता.

शून्यावर आणण्याचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. लिथियमला तो घातकच. २० वरून ७० पर्यंत अशा छोट्या फेऱ्या तिला जास्त मानवतात.

आता रात्रभर १०० टक्क्यांवर ठेवणं. बॅटरी पूर्ण भरलेली असली की सेलचं व्होल्टेज सर्वाधिक असतं, आणि त्यात उष्णता मिळाली की इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे आतल्या रासायनिक द्रवाचं, विघटन वेगाने होतं. उशीखाली तासन्‌तास भरलेला, गरम फोन ५ वॅटवर असला तरी लवकर म्हातारा होतो. थंड जागी ४० मिनिटांत ८० टक्के करून काढलेला फोन मला त्याहून कितीतरी सुरक्षित वाटतो. अ‍ॅपल आपले फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारचा पारा ४५ च्या घरात जातो. तिथे दुचाकीच्या हँडलवर, उन्हात, नकाशा चालू ठेवून चार्ज करणं हे कुठल्याही वॅटच्या आकड्यापेक्षा वाईट. फोनच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर ती लावा, आणि चार्जिंगच्या वेळी जाड कव्हर काढा.

मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती ‘५ वॅटचा चार्जर शोधा’ या वाक्याची. जुना चार्जर घरात सापडला नाही की माणूस रस्त्यावरच्या ठेल्यावरून बिननावाचा स्वस्त चार्जर घेतो. २३० व्होल्टची भिंतीतली वीज आणि तुमच्या हातातला फोन यांच्यामध्ये त्या चार्जरमधलं विलगीकरण (दोन्ही बाजूंची वीज अलग ठेवणारी रचना) एवढाच अडसर असतो, आणि स्वस्तातल्या मालात काटकसर नेमकी तिथेच होते. भारतात मोबाइल अडॅप्टरला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर ‘आयएस’ने सुरू होणारा मानकाचा क्रमांक आणि त्याखाली ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बघा. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. नोंदणी सापडली नाही, तर तो चार्जर कितीही कमी वॅटचा असो, घरात वापरू नका.