बुडाचं माप

मोटरसायकलची सीट कशी आहे हे बघायचं तर आपण काय करतो? अंगठ्याने दाबतो. शोरूममध्ये दाबतो, मित्राची नवी गाडी दिसली की दाबतो, आणि सीटवाल्याकडे गेलं की तोही दाबतो आणि "मक्खन" म्हणतो. आता अंगठ्यावर बसून आजवर कोणी पुण्याहून गोव्याला गेलेलं नाही. तरीही लांबच्या प्रवासाच्या सीटचा निकाल अंगठाच देतो आणि शिक्षा साताऱ्याच्या पुढे भलत्याच अवयवाला होते.

बसल्यावर आपलं बहुतेक वजन दोन हाडांवर येतं. खुर्चीत हाताच्या तळव्यांवर बसून बघा, टोचतात ती हीच. मऊ फोममध्ये ही हाडं रुतत रुतत तळाला जातात आणि खालच्या पत्र्याशी किंवा प्लॅस्टिकच्या बेसशी त्यांची ओळख होते. तिथलं रक्त अडतं, मुंग्या येतात. मग माणूस एकदा उजवीकडे कलून बसतो, एकदा डावीकडे, शेवटी फूटरेस्टवर उभा राहतो आणि मागून येणाऱ्यांना वाटतं स्टंट चाललाय. गंमत म्हणजे हे सगळं सुरू व्हायला तास-दीड तास लागतो. दुकानासमोरच्या गल्लीत दोन चकरा मारून "मस्त झालीय" म्हणणाऱ्याला ते कळायचं काही कारणच नाही.

तेव्हा सीट नव्याने बेतून घ्यायची तर आधी माप. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवायचा, त्यावर मिनिटभर पुढे वाकून, टाचा उचलून बसायचं. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजायचं. साधारण १० ते १४ सेंटीमीटरच्या दरम्यान येतं. सीटचा सपाट भाग याच्या दोन्ही बाजूंना निदान तीन-चार बोटं जास्त हवा, नाहीतर हाडं उतारावर बसतात आणि मांड्या आतून घासतात. घरच्यांनी या अवस्थेत पाहिलं तर खरं कारण सांगू नये. ते कोणालाच पटत नाही.

पुढचं माप गाडीवर. रोज घालता ती पँट नाही, प्रवासात घालता ती घालून बसायचं. हात हँडलवर, पाय फूटरेस्टवर, गाडी सरळ, दोन्ही चाकं जमिनीवर आणि धरायला एक विश्वासू माणूस. साइड स्टँडवर गाडी कलते, मेन स्टँडवर बहुतेक गाड्यांचं मागचं चाक उचललं जातं, म्हणून दोन्हीकडची मापं खोटी. हाडं येतात तिथे आणि माकडहाड संपतं तिथे खडूने खुणा करायच्या. खडू पँटलाही लागतो. तसंच घरी जायचं.

कॅलिफोर्नियातले सीट बनवणारे गिऱ्हाइकाची उंची, वजन विचारतात, गाडीवर बसलेला फोटो मागवतात. पुण्याच्या नाना पेठेतला उस्ताद विचारतो, "कलर कौनसा?" त्याचा दोष नाही. त्याच्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना रंगच हवा असतो. पण आपण पुठ्ठा पुढे केला की तो आधी पुठ्ठ्याकडे बघतो, मग आपल्याकडे, आणि प्रेमाने म्हणतो, "टेन्शन मत लो भाई, सोफा बना देता हूँ." इथे जीव खाऊन "नको" म्हणायचं असतं. सगळी लढाई या एका "नको"ची आहे. त्याची सगळी कारागिरी मऊपणात, आणि आपल्याला हवी असते कडक सीट. "पैसे देऊन कडक?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे.

फोमबद्दल एक गैरसमज दुकानोदुकानी विकला जातो. "चाळीसची डेन्सिटी आहे" असं ऐकवलं की गिऱ्हाईक गप्प बसतं. चाळीसची म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो, बस्स. त्यावरून तो किती टिकेल याचा अंदाज येतो. कडक की मऊ हे वेगळं गणित आहे. कडक हवा तर रिबॉन्ड मागायचा, म्हणजे फोमचे तुकडे दाबून-चिकटवून बनवलेला रंगीबेरंगी ठोकळा. माझ्या मते कंपनीचा साच्यातला मूळ फोम फेकूच नये. हाडांच्या जागी त्यात इंचभर खळगा करावा, तळाला १२ ते १५ मिलिमीटर रिबॉन्ड, वर १० मिलिमीटर मऊ फोम किंवा लेटेक्स, म्हणजे रबराचा फोम. खाली कडक, वर मऊ. उलटं केलं की पुन्हा पत्र्याची भेट. ९० किलोवाल्याला बेतलेली सीट ५५ किलोवाल्याला दगड वाटते, तेव्हा मित्राच्या सीटची हुबेहूब नक्कल करून घेऊ नये. मेमरी फोमचा मोह तर टाळाच. तो थंडीत कडक होतो, उन्हात ढिला पडतो. म्हणजे स्पितीत फळी आणि एप्रिलच्या सोलापुरात लापशी. जेलची गादी काळ्या रेक्झिनखाली दुपारी जी तापते, ती नंतर बराच वेळ आठवण ठेवते.

कापायला हॅक्सॉचं पातं चालतं, घासायला ग्राइंडरवर ३६ नंबरचा खरखरीत कागद. थोडं थोडं घासायचं, कारण काढलेला फोम परत येत नाही आणि ठिगळाची कड तासाभराने बरोबर टोचते. चिकटवायला सिंथेटिक रबरचा डिंक, फेविकॉल एसआरच्या जातीचा. दोन्ही बाजूंना पातळ हात मारून तार सुटेनाशी होईपर्यंत थांबायचं आणि मगच जोडायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. डिंक सुकून कडक होतो, म्हणून हाडांच्या बरोबर खाली तो लावायचाच नाही, कडेने पुरतो.

उतार हे दुसरं दुखणं. बऱ्याच सीटा पुढे टाकीकडे उतरत्या असतात. प्रत्येक ब्रेकला माणूस पुढे घसरतो, मनगटांवर भार येतो आणि पुरुषांच्या बाबतीत आणखी कुठे येतो ते लिहायला नको. गवंड्याची पाणसळ आणून हाडांच्या जागेवर ठेवावी आणि तेवढा भाग सपाट करावा, केसभर मागे झुकला तरी हरकत नाही. मागे उचल देताना उंचीचं भान हवं. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० ची सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटरवर आहे, हिमालयन ४५० ची ८२५. त्यात इंचभर भर घातली की साडेपाच फुटी माणूस सिग्नलला बॅले करतो. उपाय म्हणजे सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, दोन्ही बाजूंनी तासून अरुंद करणं. पाय सरळ खाली गेले की तेवढ्याच उंचीवर टाचा टेकतात.

आता ज्याला उस्ताद वेडेपणा म्हणतो ती पायरी. रेक्झिन चढवण्याआधी फोमवर जुनी चादर घट्ट बांधून निदान शंभर किलोमीटर जाऊन यायचं. पुणे-सातारा पुरतं. खंबाटकी घाटात लोक वळून बघतात, बघू द्यावं. कुठे दुखलं ते परत येऊन खडूने लिहायचं, तेवढं घासायचं, मग कव्हर.

कव्हर हे काम बिघडवण्याचं शेवटचं आणि सर्वांत सोपं ठिकाण आहे. रेक्झिन ताणून बसवलं की मेहनतीने कोरलेला खळगा तबल्याच्या पुडीसारखा वरून झाकला जातो आणि आपण खळग्यात न बसता पुडीवर बसतो. म्हणून खळग्याच्या आकाराचे तुकडे बेतून शिवायला सांगायचे आणि रेक्झिन ताणलं जाणारं घ्यायचं. शिलाई हाडांखाली येऊ द्यायची नाही. चौकटीचौकटीची लाल दोऱ्याची नक्षी फार दिमाखदार दिसते. तिच्यातलं सुईचं प्रत्येक भोक म्हणजे कोकणातल्या जुलैला दिलेलं आमंत्रण. फोम पाणी पितो आणि पाऊस थांबल्यावर दोन तास खालून परत करत राहतो. आत पातळ प्लॅस्टिक घालावं, पण तळ मोकळा ठेवावा, म्हणजे शिरलेलं पाणी निघून जाईल.

स्टेपल आधी नाकावर, मग मागे मधोमध, मग बाजू आळीपाळीने, कोपरे सर्वांत शेवटी. पिना स्टेनलेस स्टीलच्या आणि ६ मिलिमीटरच्या. लांब पिनांची टोकं खालून बाहेर येतात आणि वायरिंग सोलतात. साध्या पिना एका पावसाळ्यात गंजतात. सीट ज्यांवर टेकते त्या रबरी बुशांखाली रेक्झिनची जाड घडी आली की सीट वर उचलली जाते आणि लॉक लागत नाही. मग उस्ताद वरून बुक्की मारून लावून देतो आणि पुढच्या वेळी सीटखालचं टूलकिट काढायला आपल्याला त्याचीच बुक्की लागते. पैसे देण्याआधी चावीने दोनदा उघडून बघावं. हजारएक किलोमीटर फोम बसायला लागतात, तोवर निकाल देऊ नये, अंगठ्याने तर नाहीच.

राहिलं मागे बसणारं माणूस, ज्याचं माप बहुधा त्याच्या गैरहजेरीत घेतलं जातं. आपल्या कमरेला टेका हवा म्हणून मधला उंचवटा मागे सरकवला की ती जागा त्याच्याच वाट्यातून जाते. शिवाय मागची सीट पुढे उतरती राहिली तर प्रत्येक ब्रेकला ते आपल्यावर येऊन आदळतं. तरुण जोडप्यांची याबद्दल तक्रार नसते. लग्नाला दहा वर्षं झालेल्यांनी तिथेही पाणसळ लावून घ्यावी.